दांडीवरचं पाखरू

एप्रिलच्या शेवटी एक अहवाल मराठीत करायला माझ्याकडे आला. विषय उन्हाळ्याचा होता. वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरावर, शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसांच्या शरीराचं काय होतं, याची माहिती त्यात जमवली होती. काम सरळ होतं. तिसऱ्या पानावर एक वाक्य आलं: ही माणसं म्हणजे तापत चाललेल्या जगातले ‘कॅनरी इन द कोल माइन’ आहेत. हात सवयीने चालतो. मी ‘धोक्याची घंटा’ असं टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

रात्री जेवताना ती घंटा डोक्यातून जाईना. घंटेला श्वास नसतो. ती वाजवली की वाजते, वाजून झाली की जागच्या जागी लटकत राहते. मूळ वाक्यात एक जीव होता, कॅनरी नावाचं छोटं गाणारं पाखरू, आणि ते कोळशाच्या खाणीत होतं. मी बल्लारपूरची. माझ्या वडिलांची ३१ वर्षं जमिनीखाली गेली. खदानीवर वाढलेल्या माझ्याच हातून ते पाखरू पुसलं जावं, याचं मला फार वाईट वाटलं. ताट तसंच ठेवून मी उठले आणि कॅनरी हा शब्द कुठून आला ते वाचत बसले.

या शब्दप्रयोगाच्या मुळाशी जाताना एक तारीख वाटेत येतेच: २७ जानेवारी १८९६. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसं गेली. ती कशाने गेली हे तपासायला ऑक्सफर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन तिथे पोचले. खाणीत स्फोट झाला म्हणजे माणसं भाजून नाहीतर दगडाखाली चिरडून गेली असणार, असाच तेव्हा सर्वसाधारण समज. हाल्डेन यांनी मृतदेह नीट पाहिले. अनेकांच्या अंगावर जीव जाईल अशी जखमच नव्हती. उलट त्वचेवर गुलाबी तजेला होता, झोपेतून उठतील असा. रक्त तपासलं तर ते लालभडक. बहुतेकांचा जीव आगीने किंवा धक्क्याने गेला नव्हता. स्फोटानंतर बोगद्यांत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेला होता. म्हणजे स्फोटानंतरही ही माणसं काही वेळ जिवंत होती. काही जण बाहेरच्या दिशेने चालतही असतील.

स्फोटानंतर उरणाऱ्या या हवेला तिथले कामगार ‘आफ्टरडँप’ म्हणत. डँप म्हणजे इथे ओल नव्हे, वाफ. जर्मनमधल्या ‘डाम्फ’चा तो भाऊबंद. पेट घेणारा मिथेन तो फायरडँप, दिवा विझवणारी जड हवा तो ब्लॅकडँप, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा तो स्टिंकडँप. न दिसणाऱ्या शत्रूंना कामगारांनी एकेक नाव देऊन ठेवलं होतं, आपल्याकडे पाऊस आणि वाऱ्याला नावं असतात तशी. या सगळ्यांत कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात दगाबाज. रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला धरतं. पंगतीत ऑक्सिजनच्या पाटावर हा येऊन बसतो आणि मग उठतच नाही. हवेत हजारात दीड-दोन भाग एवढा असला तरी माणूस तासा-दोन तासांत मरू शकतो, आणि त्याआधी त्याला नुसतं डोकं दुखतंय, थोडं गळून गेल्यासारखं झालंय, इतकंच वाटत असतं. गळाठा असा येतो की निघून जावं हा विचारसुद्धा पुरा होत नाही.

हाल्डेन यांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. टायलर्सटाउनच्या आधीच ते हा वायू मोजूनमापून स्वतः हुंगत आले होते. किती मिनिटांनी धाप लागली, किती मिनिटांनी पाय लटपटले, अक्षर कधी वेडंवाकडं झालं, सगळं टिपून ठेवत. त्याच हवेत त्यांनी सोबतीला उंदीर ठेवला होता. इवल्या जिवाचा श्वास भराभर चालतो, म्हणून विष त्याला माणसाच्या कितीतरी आधी भिनतं. माणसाला काही जाणवायच्या आत उंदीर आडवा व्हायचा. यावरून त्यांनी सुचवलं की स्फोटानंतर किंवा आग लागल्यावर खाणीत उतरणाऱ्यांनी एखादा लहानसा उष्ण रक्ताचा प्राणी सोबत न्यावा. त्याला त्रास होताना दिसला की आपल्या हाताशी थोडा वेळ उरलेला असतो. तेवढ्या वेळात मागे फिरायचं.

मग उंदराच्या जागी पक्षी का आला? मला यातलं कारण फार आवडलं, कारण ते कुणा प्रोफेसरपेक्षा रोज पिंजरा हाताळणाऱ्या माणसाला आधी सुचेल असं आहे. उंदीर भ्याला तरी कोपऱ्यात अंग आकसून बसतो आणि गुदमरला तरी तसाच बसतो. दिव्याच्या अंधुक उजेडात काय कळणार? पक्षी दांडीवर बसतो. दांडीवर बसायचं म्हणजे तोल सांभाळायचा. विष भिनलं की आधी पिसं फुलवून बसतो, मग झुलतो, मग पडतो. दहा पावलांवरूनही दिसतं. शिवाय कॅनरी गाते, आणि गाणं थांबलेलं कानाला अंधारातही कळतं. पक्ष्यांचं श्वसनही आपल्याहून कसदार. फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळी ताजी हवा फुप्फुसातून जाते. ज्या रचनेमुळे त्याला उंच उडता येतं, तीच त्याला विषाच्या तोंडी आधी देते. १९११ पासून ब्रिटनच्या खाणींत असे पक्षी बाळगायची रीत पक्की झाली.

कॅनरी या नावाची एक गंमत सांगते. पक्ष्याचं नाव पडलं कॅनरी बेटांवरून, आणि बेटांचं नाव पडलं लॅटिनमधल्या कुत्र्याच्या शब्दावरून. कुत्र्यांची बेटं. रानातली कॅनरी हिरवट-करड्या रंगाची असते. तो लखलखीत पिवळा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेला आहे.

आता ज्या वस्तूने मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं, ती सांगायला हवी. मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात एक पिंजरा आहे. पिंजरा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा तारांचा नव्हे. धातूची आणि काचेची एक छोटी पेटी, पुढे गोल दार, दाराला जाळी. उचलायला वर मूठ असावी तसा आडवा बसवलेला एक छोटा सिलिंडर. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन. दार उघडं असताना खाणीतली हवा जाळीतून आत जाते आणि पाखरू ती हुंगतं. ते डळमळलं की दार बंद करायचं, वरची चावी फिरवायची, आणि आत शुद्ध ऑक्सिजन सोडायचा. थोड्या वेळात पाखरू पुन्हा दांडीवर येऊन बसतं. इंग्रजीत याला शुद्धीवर आणायचा पिंजरा असंच म्हणतात.

मी त्या पेटीचा फोटो मोठा करून करून पाहिला. ज्याने ती बनवली त्याने नुसती धोक्याची सूचना मिळवायचा विचार केला असता, तर साधा पिंजरा पुरला असता. पडलेलं पाखरू फेकून दुसरं आणायला फार खर्च नव्हता. पण इथे माणसाने आपल्या हातातलं ओझं वाढवून घेतलंय. सिलिंडर जड असतो. खाणीत वाकून, कधी रांगत जाताना तो पेलायचा, आणि स्वतः विषारी हवेत उभं असताना आधी चावी फिरवून पाखराला हवा द्यायची. कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिन अडवून धरलेलं असतानाही भरपूर दाबाचा ऑक्सिजन मिळाला तर जीव तगतो, हे हाल्डेन यांनी १८९५ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं. ते ज्ञान त्या मुठीत बसवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फोन लावला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खदानीचा विषय निघाला की आवाज बदलतो. मी विचारलं, “बाबा, तुमच्या खदानीत कॅनरी होती का हो?”

“कॅनरी नव्हती. मुनिया होती,” ते लगेच म्हणाले. “रेस्क्यूच्या ट्रेनिंगले गेलो होतो न, तिथं पिंजरा राहे. चार-सहा मुनिया. त्याइले राळे खाऊ घालाले एक मानूस होता. आमचा डबा उघडाच्या आधी तो त्याइचं पानी बदले.”

मुनिया! आमच्या घरामागे बाभळीवर थव्याने येणारी, गवताचं बी टिपणारी, चिमणीहून लहान. मराठीत कुणी मनोली म्हणतं. खाणकामाच्या आपल्याकडच्या पुस्तकांत कार्बन मोनॉक्साइड ओळखायच्या धड्यात कॅनरीच्या शेजारी तिचं नाव येतं, हे मला आजवर माहीत नव्हतं.

“आणि ती पडली तर काय करायचं, शिकवलं होतं?”

“पाखरू पडलं का निघाचं. इचार कराचा नाही. तेवढंच शिकवलं होतं, बेटा. इचार कराले तिथं टाइमच नसते.”

बाबा खाणीत सरदार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी फेसवर, म्हणजे कोळसा खणतात त्या टोकाला जाऊन छत ठोकून पाहायचं आणि गॅस पाहायचा, हे त्यांचं काम. गॅस पाहायचा तो सेफ्टी लँपने. लहानपणी आमच्याकडे वीज गेली की बाबा कंदील लावत आणि मला तो दिवा कसा वाचायचा ते दाखवत. वात बारीक, अगदी बारीक करायची. मग कंदील हळूहळू वर न्यायचा, घाई केलेली चालत नाही. मिथेन हलका, तो छताशी जमतो. तो असला तर ज्योतीच्या टोकावर फिकट निळी टोपी दिसते. टोपी जितकी उंच तितका गॅस जास्त. आमच्या घराला पत्रे होते. पत्र्याला टेकेपर्यंत बाबा कंदील वर नेत, मी टाचा उंचावून ज्योतीकडे पाहत राही, आणि दरवेळी ते विचारत, “दिसली टोपी? नाही न? मंग चांगलं हाय.” मला वाटायचं की टोपी दिसायला हवी होती. तिची वाट पाहत मी बरेच पावसाळे काढले. बाबांचं रोजचं काम ती टोपी न दिसण्यासाठी होतं, हे समजायला मला मोठं व्हावं लागलं.

ही दिव्याची विद्या १८१५ पासूनची. हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक जाळी बसवली. आतला जाळ जाळीपाशी थंडावतो आणि बाहेरचा मिथेन पेटत नाही. दिवा मिथेन दाखवतो. ऑक्सिजन कमी असला तर मंदावून, विझून तेही सांगतो. पण कार्बन मोनॉक्साइडपुढे दिवा आंधळा आहे. जीव घेण्याइतका वायू हवेत असताना ज्योत छान, सरळ जळत राहते. बाबांच्या हातातल्या दिव्याला जे दिसत नव्हतं, ते पाहण्यासाठी ती मुनिया होती.

हाल्डेन या नावाची पुढची गोष्ट आपल्या देशात येऊन संपते. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन, विसाव्या शतकातला मोठा जनुकशास्त्रज्ञ. बाप त्याला लहानपणी खाणीत घेऊन जाई. एकदा मिथेन साठलेल्या जागी बापाने त्याला उभं केलं आणि शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. पोरगा म्हणू लागला, धाप लागली, ब्रूटसच्या नावापर्यंत पोचता पोचता पाय गेले आणि तो खाली कोसळला. खाली हवा चांगली होती, तिथे तो व्यवस्थित श्वास घेऊ लागला. मिथेन हवेहून हलका असतो हा धडा त्याला जन्मभर पुरला. आज कुणी आपल्या मुलाला असं शिकवणार नाही, आणि शिकवूही नये. पण पत्र्याला टेकवलेला तो कंदील आठवला, आणि त्या बापाला काय करायचं होतं ते मला परकं वाटलं नाही.

हे धाकटे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते गेले. देह त्यांनी काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन ठेवला होता. बाप स्वतःच्या शरीरावर प्रयोग करत आला, मुलाने मेल्यावर शरीर शिकण्यासाठी दिलं. या घराण्यात दुसऱ्या जिवाला धोक्यात नेण्याआधी स्वतः तिथे जाऊन यायची रीत होती. कॅनरीला खाणीत नेणारा माणूस असा होता, हे त्या शब्दप्रयोगाबरोबर यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटनमध्ये ३० डिसेंबर १९८६ रोजी जाहीर झालं की खाणींतल्या उरलेल्या दोनशेहून अधिक कॅनरींना आता टप्प्याटप्प्याने निरोप मिळेल. त्यांच्या जागी हातात धरायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र येईल, ते स्वस्तही पडेल आणि नेमकंही असेल. कामगारांना वाईट वाटलं. ते काम करता करता पाखरांशी शीळ घालून बोलत, त्यांना लाडीगोडी लावत. तेव्हा १९८४-८५ चा वर्षभराचा संप मोडून फार दिवस झाले नव्हते आणि खाणी एकामागून एक बंद होत होत्या. १८ डिसेंबर २०१५ रोजी यॉर्कशरमधली केलिंगली खाण बंद झाली, ब्रिटनमधली ती शेवटची खोल कोळसा खाण. आधी पाखरं वर आली, मागून जवळजवळ तीस वर्षांनी माणसं.

खाणीतून बाहेर पडलेलं पाखरू भाषेत मात्र राहिलं. त्याला आजचा अर्थ देणाऱ्यांत अमेरिकी कायदेपंडित फेलिक्स कोहेन यांचं नाव घ्यायला हवं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी ते झगडले. १९५३ मध्ये त्यांनी लिहिलं की खाणकामगाराच्या कॅनरीसारखे हे लोक आपल्या राजकीय हवेत विष कधी भिनू लागलंय ते दाखवतात. त्यांना कसं वागवलं जातं यावरून लोकशाहीची प्रकृती कळते. तिथून पुढे हा शब्द हळूहळू सगळीकडे गेला. मधमाश्या, बेडूक, प्रवाळ, बंद पडणारी छोटी दुकानं, सगळे कॅनरी झाले. आणि एकदा पाखरू पुन्हा खरंखुरं पाखरू झालं. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाल्यावर दोन दिवसांनी जपानी पोलीस फुजी पर्वताजवळच्या कामिकुइशिकी गावात, हल्ला करणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाच्या वस्तीत शिरले. गॅस मास्क, संरक्षक पोशाख, आणि हातात पिवळ्या कॅनरींचे पिंजरे.

मराठीत याला काय म्हणावं, यावर मी दोन दिवस अडकले. ‘शितावरून भाताची परीक्षा’ जवळ येतं, पण शीत आधीच शिजलेलं असतं, त्याला वाचवायचा प्रश्नच नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ आणखी जवळचं. त्यात एकाच वाटेने चालणारी माणसं आहेत, आणि ठेच लागलेल्याबद्दल थोडी कणवही आहे. पण त्या पुढच्याला कुणी मुद्दाम पुढे धाडलेलं नाही. कॅनरीला कुणीतरी हातात धरून नेलेलं असतं.

आणि इथेच आजच्या वापरातली खोट मला बोचते. अमुक लोक कॅनरी आहेत, असं म्हणून वाक्य संपतं. लिहिणारा गंभीर होतो, वाचणारा मान डोलावतो, आणि पाखरू दांडीवरून पडलेलं राहतं. ज्या खाणीत ती पेटी होती, तिथे असं नव्हतं. तिथे पाखरू डळमळलं की दोन गोष्टी ताबडतोब व्हायच्या: माणसं मागे फिरायची, आणि चावी फिरवून पाखराला हवा दिली जायची. शब्दप्रयोगाने पाखरू उचललं, दांडी उचलली, मूठ तेवढी खाणीतच राहू दिली. पन्नास अंशांकडे सरकणाऱ्या चंद्रपूरच्या मे महिन्यात रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या माणसाला कॅनरी म्हणायचं असेल, तर त्या शब्दाबरोबर सिलिंडरही द्यावा लागेल.

मी अहवाल पुन्हा उघडला. घंटा काढली. लिहिलं: ‘विषारी हवा आधी कळावी म्हणून खाणकामगार सोबत पाखरू नेत. ते डळमळलं की त्याला ऑक्सिजन देत आणि स्वतः मागे फिरत. उन्हात राबणारी ही माणसं आज त्या पाखराच्या जागी आहेत.’ एका वाक्याची तीन झाली. मागवणाऱ्यांना तसं कळवलं, त्यांनी हरकत घेतली नाही.

मग नवव्या पानावर गेले. तिथे उपायांची यादी होती. पहिल्या वेळी ती मी चहा निवेपर्यंत उरकली होती. आता प्रत्येक ओळ पुन्हा केली. दुपारी १२ ते ४ काम बंद. कामाच्या जागेपासून चालत जाता येईल इतक्या जवळ सावली. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण काम नको, अंग उन्हाला सरावू द्यावं. चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं, तर वाट न पाहता अंगावर गार पाणी आणि दवाखाना. ‘पुरेसे द्रवपदार्थ उपलब्ध करून द्यावेत’ असं लिहून ठेवलं होतं, ते खोडून ‘तहान लागायची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावं’ असं केलं.

संध्याकाळी बाबांना फोनवर यादी वाचून दाखवली. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“नुसतं पानी नाही पुरत, बेटा,” ते म्हणाले. “त्याच्यात मीठ-साखर टाकाले सांग. आनि माठ सावलीत ठेवा म्हना, नाहीतर गरम पानी कोनी पेत नाही.”